धुराला वाट, वाऱ्याला आवर



आग विझवायला पाणी लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण आगीच्या बंबावरचे जवान जळत्या घरापाशी येतात, तेव्हा ते पाण्याइतकाच आणखी एका गोष्टीचा विचार करतात. ती गोष्ट म्हणजे वारा. कोणते दार उघडायचे? कोणते बंद ठेवायचे? छप्पर कुठे उघडायचे? खिडकीची काच केव्हा फोडायची? हा त्यांच्या विद्येचा फार मोठा भाग आहे. धूर बाहेर काढायचा आणि ताजी हवा आगीपर्यंत पोचू द्यायची नाही. पोचलीच तर आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला पोचू द्यायची, असे हे काम आहे.

तुम्ही म्हणाल, ही विद्या बंबवाल्यांची. आपल्याला ती कशाला? कारण असे, की बंब येईपर्यंत जळत्या घरापाशी आपणच असतो. दार लाथेने उघडणारे आपण, काच दगडाने फोडणारे आपण, आणि घाईने बाहेर पळताना दार सताड उघडे टाकणारेही आपणच. मदत करायच्या हेतूने केलेली एक चूक आतल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा पाठ नीट वाचू या.

दिव्याचा धडा

आमच्या पिढीने काचेच्या चिमणीच्या दिव्याशी बसून अभ्यास केला. त्या दिव्यात सगळी विद्या भरलेली होती. बर्नरच्या बारीक भोकांतून थंड हवा खालून आत येई. ज्योतीने तापलेली हवा चिमणीतून वर निघून जाई. खालून येणे आणि वरून जाणे, असे हे चक्र चालू असेतो ज्योत स्वच्छ जळे. आता चिमणीच्या तोंडावर एखादे झाकण ठेवले तर? ज्योत लाल होते, काच काळी पडते, आणि हळूहळू ज्योत मरू लागते. ती पुरती मरायच्या आत झाकण काढा, की ज्योत पुन्हा उसळी घेते.

चुलीचेही तसेच. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवले, की सकाळपर्यंत टिकतात. वरून पाहावे तर नुसती राख. पण सकाळी राख बाजूला सारली आणि फुंकणीने दोन फुंकरा घातल्या, की जाळ उठतो. आग मेलेली नव्हती. ती हवेची वाट पाहत होती.

हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. आगीला तो लागतो, आपल्यालाही लागतो. कोंडलेल्या खोलीत आग लागली, की ती खोलीतला प्राणवायू खाऊ लागते. तो पंधरा भागांच्या आसपास उतरला, की ज्वाळा मंदावतात. बाहेरून वाटते, आग विझली. पण भिंती, सामान, धूर, सगळे तापलेले असते. हे घर म्हणजे राखेखालचा निखारा, आणि उघडलेले दार म्हणजे फुंकणी. एवढे ध्यानात आले, की अर्धा पाठ झाला म्हणा.

धूर म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते, धूर म्हणजे आग लागून उरलेला कचरा. तसे नाही. घरातल्या आगीचा काळा, दाट धूर हा स्वतःच जळण असतो. अर्धवट जळालेले वायू आणि काजळीचे कण त्यात असतात. त्याला उष्णता आहेच. फक्त हवा मिळायचा अवकाश, की तो धूरच पेट घेतो.

शिवाय धूर विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त अंगभर प्राणवायू पोचवू शकत नाही. माणसाला गुंगी येते, पाय उचलत नाहीत आणि तो तिथेच बसतो. आगीत दगावणाऱ्या पुष्कळ माणसांना ज्वाळा शिवतसुद्धा नाही. ती धुरानेच जातात.

गरम धूर हलका असतो, म्हणून तो वर चढतो. छतापाशी साचतो आणि तिथून भांड्यात पाणी भरावे तसा, पण उलटा, वरून खाली भरत येतो. त्या थराखाली, जमिनीपाशी, थोडा वेळ बरी हवा राहते. धुरातून जाताना वाकून किंवा रांगत जावे, असे सांगतात, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट. पूर्वी घरात कापसाची गादी, लाकडी पाट, सुती पडदे असत. आता फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नायलॉनचे पडदे आले. अमेरिकेत यु.एल. नावाच्या संस्थेने दोन सारख्या खोल्या मांडल्या. एकीत जुन्या पद्धतीचे सामान, दुसरीत आजचे. दोन्ही पेटवून घड्याळ लावले. जुनी खोली पूर्ण भडकायला जवळजवळ अर्धा तास लागला. नवी खोली चार मिनिटांच्या आत भडकली. पूर्ण भडकणे म्हणजे छताखालचा धूर सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापून खोलीतली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकदम पेटणे. बंबवाले याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यातून माणूस वाचत नाही. म्हणजे आपल्या हाती वेळ किती थोडा असतो, पाहा.

न्यूयॉर्कच्या जिन्यात काय घडले?

आता एक खरी घटना सांगतो. २८ मार्च १९९४ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात वॉट्स स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक तीन मजली इमारत होती. खालच्या मजल्यावर राहणारा माणूस सहा वाजून गेल्यावर बाहेर पडला. जाताना कचऱ्याची प्लॅस्टिकची पिशवी गॅसच्या शेगडीवर राहिली. शेगडीतल्या बारीक ज्योतीने ती पेटली. थंडी आत येऊ नये म्हणून ते घर चांगले बंदिस्त केलेले होते. दारे-खिडक्या घट्ट. त्यामुळे आगीला हवा मिळेना. ती सुमारे तासभर आतल्या आत धुमसत राहिली. ज्वाळा थोड्या, पण घर गरम, जळाऊ धुराने गच्च भरलेले.

शेजाऱ्यांना धुराड्यातून धूर आणि ठिणग्या दिसल्या. बंब आले. काही जवान गच्चीवर गेले आणि जिन्याच्या डोक्यावर धुराला वाट करून दिली. एक तुकडी नळी घेऊन खालच्या घराच्या दाराशी उभी राहिली. दुसऱ्या तुकडीतले तिघे जण जिन्याने वरच्या मजल्याच्या दाराशी पोचले. मग खालचे दार जोर लावून उघडण्यात आले.

दार उघडताच ताजी हवा आत शिरली, आणि तासभर उपाशी असलेली आग एकदम उठली. मोठी ज्वाळा दारातून बाहेर आली आणि जिन्यातून वर चढली. वर वाट मोकळी होतीच. जिना म्हणजे जणू धुराडेच झाला. खालची तुकडी ज्वाळेखाली वाकून मागे सरू शकली. वर असलेल्या तिघांना पळायला जागा नव्हती. ती ज्वाळा निदान साडेसहा मिनिटे जिन्यात जळत होती. तिन्ही जवान त्यात गेले.

ते शिकलेले, अनुभवी जवान होते. इतकी मोठी ज्वाळा इतका वेळ कशी टिकली, हे त्यांच्या सोबत्यांना उमगेना. तेव्हा तिथल्या सरकारी मापनसंस्थेतल्या एका अभियंत्याने संगणकावर ते घर, तो जिना, ते दार यांचे गणित मांडले. उत्तर निघाले ते असे: कोंडलेल्या घरात न जळालेले वायू इतके साठले होते, की दार उघडून हवा मिळताच ते पेटले आणि जिन्याच्या वाटेने जळत राहिले. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. आपण त्याला ‘उलटा भडका’ म्हणू.

मग दार बंदच ठेवावे का?

आमच्या प्रौढवर्गात ही हकीकत सांगितली, की कोणीतरी हटकून विचारतो, “गुरुजी, मग काही उघडूच नये का? धुरानं माणूस गुदमरतो, असं तुम्हीच म्हणालात की!” प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर आपल्याच देशातल्या दोन घटनांत सापडते.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात दुपारचा खेळ चालू होता. खाली मोटारी ठेवण्याच्या जागेत विजेच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. धूर जिन्यातून वर चढला आणि बाल्कनीत भरला. तिथे बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. ५९ माणसे गेली, ती मुख्यतः गुदमरून.

९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघराला आग लागली. इमारत बाहेरून काचांनी बंद केलेली. तळघरातला धूर मजल्यामागून मजला चढत गेला. त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. खाटेवरचे रोगी उठून पळू शकत नव्हते. बंबवाल्यांना बाहेरून काचा फोडून आत जावे लागले. सुमारे नव्वद माणसे दगावली.

म्हणजे पाहा. न्यूयॉर्कमध्ये दार उघडल्याने घात झाला. कोलकात्यात इमारत बंद राहिल्याने घात झाला. मग खरे काय? दोन्ही खरे. जिथे माणसे आहेत आणि धूर साचतो आहे, तिथून धुराला बाहेरची वाट हवी. जिथे आग आहे, तिथे पाणी तयार होईपर्यंत हवा जाता कामा नये. उघडणे आणि बंद ठेवणे ही दोन्ही हत्यारेच आहेत. कोणते कुठे आणि केव्हा वापरायचे, यातच सगळी विद्या आहे.

म्हणून जाणते बंबवाले काही उघडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहतात. एक, आग कुठे आहे? दुसरी, वारा कुठून कुठे वाहतो आहे? तिसरी, पाण्याची नळी भरून हाती आली आहे का? तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत शक्यतो दार लोटलेले ठेवतात. आत शिरावेच लागले, तर एक जवान दारापाशीच थांबतो आणि नळी सरकेल एवढीच फट ठेवतो.

कोंडलेल्या घराची लक्षणेही ते ओळखतात. काचा काळ्या पडून त्यांवर तेलकट थर आलेला. ज्वाळा दिसत नाही, पण दार तापलेले. फटींतून धूर भसकन बाहेर येतो आणि पुन्हा आत ओढला जातो, जणू घर श्वास घेते आहे. असे घर दिसले, की दारासमोर कोणी उभे राहायचे नाही. बाजूला व्हायचे, पाणी तयार ठेवायचे, आणि जमेल तर आधी वरून वाट करून द्यायची.

धुराला वाट देण्याच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा छपराची. गरम धूर वर जातो, म्हणून आगीच्या वरच कौले किंवा पत्रे काढून भोक पाडतात. ते आगीच्या डोक्यावरच हवे. भलतीकडे पाडले, तर आग तिकडे ओढली जाते आणि न जळालेला भागही पेटतो. वर गेलेला जवान वारा पाठीवर घेऊन उभा राहतो आणि उतरायची वाट आधी पाहून ठेवतो. आगीने वासे खाल्लेले असतील, तर छपरावर चढतच नाहीत.

दुसरी तऱ्हा खिडक्यांची. वारा ज्या बाजूने घरावर येतो, तिच्या उलट बाजूची, म्हणजे आडोशाची खिडकी आधी उघडतात. धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. वाऱ्याकडची खिडकी आधी उघडली, तर वारा आगीला घरभर पळवतो. उंच इमारतीत हा धोका फार, कारण वर वारा जोरात असतो.

तिसरी तऱ्हा पंख्याची. दाराबाहेर थोड्या अंतरावर मोठा पंखा ठेवून आत हवा लोटतात. हवेच्या झोताने दाराची सगळी चौकट झाकली गेली पाहिजे, म्हणजे धूर त्याच दाराने परत येत नाही. मात्र धूर बाहेर पडेल अशी दुसरी वाट आधी केलेली हवी. ती नसेल, तर तोच पंखा धूर सगळ्या खोल्यांत कोंबतो. आग कुठे आहे ते कळले नसेल, तर पंखा लावतच नाहीत.

चौथी तऱ्हा पाण्याची. आग आटोक्यात आली, की जवान खोलीच्या आतून खिडकीबाहेर रुंद फवारा मारतात. फवाऱ्याबरोबर हवा ओढली जाते, आणि तिच्याबरोबर धूरही बाहेर जातो. यंत्र नको, पंखा नको. पाणी मात्र भरपूर लागते.

चारही तऱ्हांत एक नियम समान आहे. वाट देणे आणि पाणी मारणे यांची जोडी जमली पाहिजे. न्यूयॉर्कमधल्या गव्हर्नर्स आयलंड या बेटावर २०१२ साली ओस पडलेली घरे मुद्दाम पेटवून प्रयोग केले. दार-खिडकी उघडली आणि पाणी मागाहून आले, तर आग थंड होत नाही, भडकते, हे तिथे मोजून दिसले. बाहेरून का होईना, आगीवर लवकर पाणी पडले, तर आतल्या खोल्याही निवतात, हेही दिसले. पूर्वी समजूत अशी होती, की आधी मोकळे करावे म्हणजे आत गारवा येतो. आज सामान बदलले, घरे बंदिस्त झाली, म्हणून रीतही बदलली.

आपण काय करावे?

आता आपल्या कामाचे सांगतो. हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

१. आग लागलेल्या खोलीतून माणसे बाहेर आली, की त्या खोलीचे दार ओढून घ्या. कुलूप लावू नका, नुसते ओढा. साधे लाकडी दारसुद्धा धूर आणि आग काही मिनिटे थोपवते. तेवढ्यात शेजारी खाली उतरतात.

२. लगेच १०१ ला फोन करा. ११२ हाही चालतो. पत्ता, मजला आणि जवळची खूण सांगा.

३. बाहेरून काचा फोडू नका, पत्रे उचकटू नका. कोणी “दार तोडा, दार तोडा” म्हणून ओरडला, तरी आधी दाराला हाताची मागची बाजू लावून पाहा. दार तापलेले असेल, तर ते उघडू नका.

४. बंद दाराआड कोणी असेल, तर कुठल्या खोलीत, किती जण, हे बंबवाल्यांना पहिल्या वाक्यात सांगा. तेच त्यांना सर्वांत उपयोगी पडते.

५. तुम्हीच अडकलात, आणि जिना धुराने भरला असेल, तर जिन्यात उतरू नका. एखाद्या खोलीत जाऊन दार लावा. फटीत ओला कपडा कोंबा. खिडकीबाहेर धूर नसेल, तर ती उघडून हाक मारा, कपडा हलवा. लिफ्ट वापरू नका.

६. जिन्यात सायकली, पिंपे, जुने फर्निचर ठेवू नका. जिना हा माणसांना उतरायला असतो. अडलेल्या जिन्यात धूर वर चढतोच, माणूस मात्र खाली येत नाही.

७. एकदा बाहेर पडलात, की सामानासाठी पुन्हा आत जाऊ नका. भांडी, पैसे, कागद पुन्हा मिळतील.

शेवटी एक आठवण. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागून मोठा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. म्हणून दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. आपण दार ओढून घेतो, जिना मोकळा ठेवतो, काच फोडायचा मोह आवरतो, तेव्हा आत शिरणाऱ्या जवानाचा जीव आपण थोडासा सांभाळलेला असतो. तोही कुणाच्या तरी घरचा असतो, बरं का.

कठीण शब्द

प्राणवायू : हवेतला जो भाग श्वासाला आणि आगीला लागतो तो
धुमसणे : ज्वाळेवाचून आतल्या आत जळत राहणे
फ्लॅशओव्हर : खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेटणे
उलटा भडका : कोंडलेल्या आगीला हवा मिळताच उठणारी ज्वाळा
आडोशाची बाजू : वारा येतो त्याच्या उलट बाजू

प्रश्न

१. चिमणीच्या तोंडावर झाकण ठेवले, तर ज्योतीचे काय होते? का?
२. धूर हा ‘जळण’ आहे, असे का म्हटले आहे?
३. न्यूयॉर्कमध्ये दार उघडल्याने आणि कोलकात्यात इमारत बंद राहिल्याने काय झाले? दोन्हींतला फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. काही उघडण्यापूर्वी बंबवाले कोणत्या तीन गोष्टी पाहतात?
५. तुमच्या घराच्या किंवा चाळीच्या जिन्यात आज काय काय ठेवलेले आहे? यादी लिहा. त्यातले काय उद्या हलवता येईल, तेही लिहा.